थेंबेकाकांनी बुजवलेलं भोक

थेंबेकाकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. अख्ख्या वस्तीला ते थेंबेकाका. नाव पडायचं कारण त्यांचंच तोंड. प्लंबर माणूस, कुठलाही जोड बसवून झाला की पान्याने त्यावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "यातून एक थेंब गळला तर मिशी उतरवीन." मिशीही काही ऐरीगैरी नव्हती. दोन्ही टोकांना पीळ, रोज सकाळी आरशासमोर तिची सेवा, आणि बाहेरून बायको म्हणतेय, "अहो, बाकीच्यांनाही न्हाणीघरात यायचंय." इतकी वर्षं धंदा केला, मिशी जागेवर होती. यावरून काय ते समजा.

पण सगळंच समजलं असं मानू नका. हात चांगला होता यात वाद नाही. त्या हाताची घमेंडही तेवढीच होती. गळती दिसली की या माणसाला राहवत नसे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी मोरीत डोकावणार. एकदा एका घरी समाचाराला गेले. बाहेरच्या खोलीत लोक डोळे पुसतायत आणि हे आत बेसिनचा नळ घट्ट करतायत. परतताना बायको रस्ताभर बोलली नाही, तर हेच म्हणाले, "माणूस गेला तो गेला, पाणी कशाला घालवायचं?"

काम संपलं की शेवटी अंगठा दाबायची त्यांची सवय होती. उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, उमेदीच्या काळात करवत निसटली होती तेव्हाचा. जोडावर मसाला लावला की त्यावर तो अंगठा दाबायचा, व्रणासकट ठसा उठायचा. "सही केली," म्हणायचे. वस्तीतल्या निम्म्या बेसिनांखाली ही सही सापडेल.

घरात बायको, मुलगा आणि सून. मुलगा सामान पोचवायच्या गाडीवर, सकाळी गेला की दिवेलागणीला परत. सून चष्म्याच्या दुकानात होती. काचा फ्रेमच्या मापाने घासून बसवायचं काम. नजर बारीक, हात हलका आणि तोंड बंद. सासू म्हणायची, "ही घरात आहे की कामावर गेलीय, हे चपला पाहून ओळखावं लागतं." वाईट कुणी नव्हतं हो त्या घरात. फक्त तिचं म्हणणं काय आहे, हे विचारायचं कुणाला सुचत नसे, आणि आपणहून सांगायचं तिला.

ती पहिल्यांदा आपणहून बोलली ती एका फिशटँकपायी. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा टँक होता, प्रवाळाचा. त्याची देखभाल हळूहळू तिच्याकडेच आली होती. मालकाने दुकान नव्याने सजवायला काढलं तेव्हा तो म्हणाला, "तूच घेऊन जा बाई, तुझ्यावाचून तो जगायचा नाही." तिने जेवताना विषय काढला. आधी ताटाकडे पाहून, मग सासऱ्यांकडे पाहून.

"मासे?" सासू म्हणाली. "बोलत नाहीत, चालत नाहीत, जागा मात्र खातात. आणि एवढं पाणी घरात. फुटलं-बिटलं तर खालच्या मावशी जिवंत ठेवतील का आपल्याला?"

खालच्या मजल्यावर शिवणवाल्या मावशी राहायच्या. पडदे, गाद्यांची कव्हरं, शाळेचे गणवेश. जीभ त्यांच्या कात्रीइतकीच धारदार, हे सगळ्या जिन्याला ठाऊक.

थेंबेकाकांनी घास गिळला आणि मिशीवरून हात फिरवला. "मी आहे ना. माझ्या घरात पाणी टाकीबाहेर येईल? आलं तर मिशी उतरवीन."

झालं. टँक आला.

पुढचे काही आठवडे त्या घरात असे गेले की सासूलाही नवल वाटलं. सुट्टी आली की सासरे आणि सून भिंतीशी बसलेले. आधी स्टँड. काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून चारी कोपऱ्यांची पातळी जुळवली, एका पायाखाली पत्र्याची चकती सारली. मग मागच्या काचेला रंग. सून म्हणाली, काच आहे तशी ठेवली तर मागच्या वायरी, पाइप, भिंतीचे पोपडे सगळं दिसणार. गडद निळा रंग दिला की मागे खोल पाणी आहे असं वाटतं. काका डबा उघडून आतल्या बाजूला रोलर घालणार, तेवढ्यात तिने हात धरला. "बाबा, बाहेरून. आतून दिला तर सोलून पाण्यात उतरेल." काका म्हणाले, "बरोबर. तुझी परीक्षा घेत होतो." त्यावर ती हसली. या घरात ती अशी मोकळी हसलेली त्यांनी ऐकलीच नव्हती. एक हात वाळला की दुसरा दिला. मग काकांनी मागून विजेरी धरली आणि तिने समोरून पाहून सांगितलं कुठे उजेड झिरपतोय. शेवटी पाहिलं तर मिशीचं डावं टोक निळं. बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली.

मग पाण्याची रचना. सून समजावत होती आणि काका पेन्सिल कानावर ठेवून ऐकत होते. वरच्या टँकचं पाणी काठावरून एका अरुंद खणात सांडतं, तिथून पाइपाने खाली कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. त्या खालच्या टाकीला हौशी लोक संप म्हणतात. तिथे ते गाळलं जातं, त्यातला घाण फेस निघतो, आणि पंप तेच पाणी दुसऱ्या पाइपाने परत वर ढकलतो. खालच्या टाकीत मुद्दाम थोडी जागा मोकळी ठेवायची, वीज गेली की वरचं थोडं पाणी खाली येतं म्हणून.

"म्हणजे इमारतीच्या टाक्यांचंच पोरगं," काका म्हणाले. खाली उतरणारा पाइप त्यांनी केला, आणि काय केला. जोड असा की बोट फिरवलं तर कळू नये. वर जाणारा मात्र सूनबाई म्हणाली, "हा मी करते, बाबा." त्यांना जरा लागलं, पण बरंही वाटलं. त्या पाइपाचं तोंड तिने खोल खाली, खडकांच्या मागे नेलं, पाणी तिथे साचून राहू नये म्हणून. ते बसवून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, या वरच्या पाइपाचं एक सांगायचंय..."

"अगं, पाइपाचं मला काय सांगतेस?" काका म्हणाले. म्हणाले ते लाडानेच. पण ती गप्प बसली. गप्प बसायची तिला सवयच होती.

पाणी स्थिरावलं, खडकांवर रंग धरला, मग एकेक जीव आला. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी, आणि प्रवाळाचे तुकडे. त्यातला एक हिरवा, बोटांसारखा. मालकाने तिला पूर्वी कपात घालून दिलेला, आता दोन ओंजळींएवढा झालेला. तो तिने सगळ्यात वर, उजेडात, खडकाला चिकटवला. पाणी हललं की त्याची सगळी बोटं एका बाजूला झुकायची. सासू भाजी घेऊन त्याच्यासमोर निवडायला बसू लागली. "टीव्हीपेक्षा बरं, जाहिराती नाहीत," म्हणायची. जिन्यातली माणसं बघायला यायची. खालच्या मावशीही येऊन गेल्या आणि चक्क चांगलं बोलल्या. सून लोकांना माहिती सांगायची, या माशाचं काय, त्या खडकाचं काय, आणि काका बाजूला उभे राहून मिशी पिळायचे, जणू तिला त्यांनीच पाइपातून ओढून काढलं होतं.

आणि मग एक दिवस गवंडी आला.

गवंडी म्हणजे काकांचा जुना जोडीदार. भिंत तो फोडणार, पाइप हे घालणार, भिंत पुन्हा तो लिंपणार. अर्धं आयुष्य असं गेलेलं. दोघांचं एकमेकांची टर उडवण्यावर पोट भरायचं. सून कामावर होती, बायको बाजारात. गवंड्याने टँक डोळे भरून पाहिला, मग मान वाकडी करून पाइपाकडे पाहिलं. पाणी थोडं आटून खाली गेलं होतं, आणि वर येणाऱ्या पाइपाला, पाण्याच्या पातळीपाशीच, एका बारक्या भोकातून चुर्र करत धार उडत होती.

"थेंबे," गवंडी म्हणाला, "तुझ्याच घरात गळतंय की रे."

काकांनी पाहिलं. खरंच होतं. त्यांचे कान तापले.

"पोरीनं बसवलाय तो पाइप," ते म्हणाले.

"असू दे, असू दे. दिव्याखाली अंधार." गवंडी हसत बसला. चहा पिताना हसला, जिना उतरताना हसला, आणि काकांना दिसत होतं की उद्या नाक्यावर हा आणखी चार जणांना हसवणार.

आता कुणीही शहाणा माणूस थांबला असता. सून संध्याकाळी येईल, तिला विचारू, हे भोक कसलं. पण विचारायचं कशाला? गळती म्हणजे गळती. पोरीकडून काम जरा कच्चं राहिलं, चालायचंच. आपण गुपचूप नीट करू, तिला ओशाळं वाटायला नको. हो, असा मोठेपणाही होता त्यात. तिच्या खणात प्रवाळ खडकाला चिकटवायचा मसाला होता, पाण्यातही घट्ट बसणारा. काकांनी त्यातला थोडा कातरला, मळला, बाह्या वर करून हात पाण्यात घातला आणि भोकावर गोळी बसवली. वर अंगठा दाबला. धार थांबली. खोलीत शांत झालं. काकांनी हात पुसला, आणि सांगायचं तर त्या घटकेला त्यांना फार समाधान वाटलं.

सून त्या दिवशी दमून आली, माशांना खाणं टाकलं, जेवली आणि झोपली. गोळी पाइपाच्या मागच्या अंगाला होती, तिला दिसली नाही.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी वीज गेली. घरात कुणी नव्हतं. काका एका गच्चीवर टाकी बसवत होते, तेव्हा मोबाइल वाजला. शिवणवाल्या मावशी. त्या काय बोलत होत्या ते नीट कळेना, पण "छतातून" हा शब्द कळला आणि "खारट" हा शब्द कळला.

काका पोचले तेव्हा मुलगा आणि सून जिन्यातच भेटले. मावशींनी सगळ्यांना कळवलं होतं. दार उघडलं. पाणी उंबऱ्यापर्यंत. कपाटातली टाकी काठोकाठ भरून वाहिलेली. वीज परत आली होती, पण पंप नुसताच घुरघुरत होता, पाणी वर चढत नव्हतं, आणि वरचा टँक कमरेपर्यंत रिकामा. जोडी तळाशी एका कोपऱ्यात चिकटून होती. हिरवं प्रवाळ पाण्याच्या वर, उघड्यावर, त्याची बोटं एकमेकांवर पडलेली, आणि वर दिव्याचा झगझगीत उजेड.

सून तशीच चपलांसकट आत गेली आणि ओंजळीने त्याच्यावर पाणी घालू लागली.

काकांनी काचेकडे पाहिलं. आतून ओल्या खुणेची रेघ उमटली होती, पाणी कुठवर उतरलं होतं ती. रेघ नेमकी पाइपाच्या खालच्या तोंडापाशी थांबली होती. ती पाहिली आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. टाकीत नळी सोडायची, दुसरं टोक खाली धरून एकदा तोंडाने ओढायचं, की पाणी आपोआप येत राहतं, नळीत हवा शिरेपर्यंत. हे काकांनी जन्मभर केलं होतं. पंप थांबला, आणि वरच्या टँकचं पाणी त्याच पाइपाने उलटं खाली ओढलं गेलं. ते थांबावं, पाणी जरासं उतरताच पाइपात हवा शिरावी, म्हणून तिने वर ते बारकं भोक ठेवलं होतं. तेच सांगायचं होतं तिला. आणि त्या भोकावर आता त्यांची सही होती.

तेवढ्यात खालच्या मावशी वर आल्या. कापायच्या टेबलावर शिवून तयार ठेवलेले पडदे होते, त्यांच्यावर छतातून धार लागली होती, पांढरे डाग पडले होते. त्या सुनेला जे बोलल्या ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. नोकरी करणाऱ्या बायकांचे चोचले इथपासून सुरुवात होती. मुलगाही ओरडला. "तुला सांगत होतो, झेपेल तेवढंच कर." मग सगळे काकांकडे वळले.

"बाबा, तुम्हीच सांगा," मुलगा म्हणाला. "काय झालंय हे?"

बोलायची वेळ तीच होती. एका वाक्याचं काम होतं. काका कपाटासमोर उकिडवे बसले, उगाच एक जोड चाचपला, आणि त्यांच्या तोंडातून आलं ते भलतंच.

"पाइप चुकीचा बसवलाय," ते म्हणाले. "हौशी काम आहे. असं व्हायचंच."

सून वळली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. तिने काकांकडे पाहिलं, मग पाइपाकडे.

"माझंच चुकलं असेल," ती म्हणाली.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं. काकांनी फरशी पुसायला फडकं घेतलं आणि कुणी उठ म्हणेपर्यंत पुसत राहिले.

हिरवं प्रवाळ जगलं नाही. दोन दिवसांत त्याला घाण वास सुटला. सून मोरीशी बसून जुन्या दात घासायच्या ब्रशने तो खडक घासत होती आणि काका खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. ब्रशचा आवाज थांबत नव्हता. वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं नाही. जोडी तिने चष्म्याच्या दुकानात नेऊन ठेवली, मालकाच्या एका लहान टाकीत. पाइप काढून बादलीत भरले, बादली गॅलरीत. घरात कुणी तिला पुन्हा बोललं नाही, पण बोलायची गरजही उरली नव्हती. जवळच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना टँक देऊन टाकायचं ठरलं. रविवारी त्या न्यायला येणार होत्या. सून पुन्हा तशीच झाली. चपला पाहून ओळखावी लागणारी.

आणि थेंबेकाका? खाई त्याला खवखवे. कामावर कुणी म्हणालं, "काका, तुमचा जोड म्हणजे काळजी नाही," तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जोड झाला की ते "बघा चालू करून" एवढंच पुटपुटायचे. मिशीचं नाव नाही. गवंड्याला लांबून पाहिलं की रस्ता बदलायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. जेवताना तोंड उघडायचे आणि मीठ मागायचे.

खरी लाज पुढेच आहे. एका संध्याकाळी सून यायच्या आत काका गॅलरीत गेले आणि बादलीत हात घातला. तो पाइप हुडकायचा, वाकवायचा, मोडायचा, भंगारात टाकायचा. चोरासारखे पाइप उपसत होते, स्वतःच्याच घरात. वर जाणारा पाइप सापडला. पण त्याचा वरचा तुकडा नव्हता. कुणीतरी करवतीने नीट, सरळ कापून काढला होता.

"काय शोधताय हो?" मागून बायको म्हणाली.

"काही नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तीही इतकी वर्षं याच माणसाच्या घरात काढलेली बाई. काही न विचारता आत गेली, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

रविवारी विज्ञानाच्या बाई आल्या, सोबत उचलायला दोन शिपाई. टँक रिकामा, पुसून लख्ख, मागे तो निळा रंग. दाराशी खालच्या मावशीही येऊन उभ्या राहिल्या, ही ब्याद एकदाची जातेय ते डोळ्यांनी बघायला. बाई भल्या होत्या. त्यांनी काच वरून-खालून न्याहाळली आणि सरळ काकांना विचारलं, "काका, तुम्ही प्लंबर ना? म्हणजे खात्रीने सांगाल. मागे पाणी गेलं होतं म्हणे. गळत नाही ना? वर्गात मुलं असतात."

काकांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी सून बोलली.

"टँक चांगला आहे, बाई. पाइप मी चुकीचा बसवला होता. बाबांनी बसवलेले जोड पक्के आहेत."

ती असं शांतपणे म्हणाली, जसं कुणी चष्म्याचा नंबर सांगावा. काकांना वाटलं, यापेक्षा तिने चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पायाखालची फरशी त्यांना सहन होईना.

"नाही," ते म्हणाले. "नाही हो बाई. पाइप बरोबर होता. हिनं त्याला भोक ठेवलं होतं, वीज गेली तर पाणी ओढलं जाऊ नये म्हणून. मला वाटलं गळतंय. गवंडी हसला माझ्यावर, म्हणून मी ते बुजवलं. हिला न विचारता. पाणी माझ्यामुळे गेलं. आणि मग मी खोटं बोललो."

मुलगा फरशीकडे बघत होता. मावशींनी पदर सावरला, पुन्हा सावरला. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी हिला काय काय बोलले."

सून आत गेली, आपल्या खणातून एक बोटभर तुकडा घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. पाइपाचा तुकडा. त्यावर पांढरी गोळी, गोळीवर अंगठा, अंगठ्यावर आडवा व्रण. त्या घरात तो अंगठा कुणाचा हे कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

"तुला माहीत होतं?" काका म्हणाले.

"त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." तिने तुकडा त्यांच्याकडे सरकवला. "आणि माझं कुणी ऐकलं असतं, बाबा? प्लंबर तुम्ही."

काका खुर्चीत बसले. हात आपोआप मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. "मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "पाणी बाहेर आलं तर मिशी उतरवीन म्हणालो होतो. आज उतरवतो."

"मिशी परत येते, बाबा," सून म्हणाली.

रागाने म्हणाली नाही, टोमणाही नव्हता. होतं ते सांगितलं. काकांनी हात खाली घेतला.

बाई बिचाऱ्या अवघडून उभ्या होत्या. "मग आम्ही न्यायचा की नको?" त्यांनी विचारलं. मुलगा पटकन म्हणाला, "राहू दे ना, पुन्हा लावू." सासूही म्हणाली, "राहू दे गं. मला करमत नाही त्याच्यावाचून." सून टँककडे पाहत राहिली. मग तिने मान हलवली. "न्या बाई. आता घरात नको वाटतो. तिथे मी येऊन लावून देईन." आणि काकांकडे न बघता म्हणाली, "बाबा येतील पाइपाला."

काका गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत, बाईंचा वर्ग भरलेला असतानाच, भिंतीशी टँक मांडला, पातळी जुळवली, कपाटात खालची टाकी बसवली. उतरणारा पाइप त्यांनी केला, चढणारा तिने, पहिल्यासारखाच. पाणी भरलं. मग तिने पेनाने पाइपावर, पाण्याच्या पातळीपाशीच, एक ठिपका केला आणि त्यांच्या हातात ड्रिल दिलं.

चांगल्या, धडधाकट पाइपाला भोक पाडायची वेळ काकांवर जन्मात आली नव्हती. ती जवळच उभी होती, पण तिने हात धरला नाही. ड्रिल आरपार गेलं, भुसा पडला, त्यांनी फुंकर मारून तो साफ केला. पाइप जागेवर बसवला, पंप चालू केला. पाणी चढलं, आणि भोकातून बारीक धार चुर्र करत काचेवर उडाली.

मागच्या रांगेतल्या मुली खिदळल्या. विज्ञानाच्या बाई पुढे आल्या. "अहो काका, हे गळतंय की."

काका सुनेकडे वळले. ती समजावेल असं त्यांना वाटलं. ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. सगळा वर्ग पाहत होता.

"गळायलाच हवं," काका म्हणाले. मग हे भोक कशाला असतं ते सांगितलं, आणि ते एकदा कुणी बुजवलं, का बुजवलं, त्यात काय मेलं, आणि दोष कुणावर गेला, तेही सांगितलं. वीज घालवून दाखवा, बाई म्हणाल्या. सुनेने पंपाचं बटण बंद केलं. पाणी थोडं उतरलं, भोकातून सुर्र करून हवा आत गेली, आणि पाणी जिथल्या तिथे थांबलं.

परतताना ड्रिलची पिशवी काकांच्या हातात, रिकामी बादली तिच्या. जिन्यात शिवणवाल्या मावशी दार उघडं टाकून बसल्या होत्या, मांडीवर नवे पडदे. आता सुनेशी त्या जपून बोलत; काकांना मात्र कुठे सोडायचं हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

"काय थेंबेकाका," त्या म्हणाल्या, "तिथे तरी गळत नाही ना?"

सून एक पायरी वर गेली होती. ती थांबली.

"गळतंय," काका म्हणाले. "भोक मीच पाडलंय."